सिस्टरचा राहता पत्ता

माझा आवाज असा, की कर्वेनगरातल्या गच्चीवरून हाक मारली तर मंडईतला भाजीवाला वळून बघेल. थापा मारण्यातही माझा हात कुणी धरणार नाही. पण आयुष्यातली सर्वांत गरजेची थाप मी अगदी बेताची मारली: गाडी खड्ड्यात गेली, पुढचे दोन दात पडले. पुण्यात यावर कोण शंका घेणार? सोसायटीतल्या प्रत्येकाने उलट स्वतःचा खड्डा सांगितला, आणि प्रत्येकाचा माझ्यापेक्षा खोल निघाला. मग मीही माझ्या खड्ड्यात एक अख्खी बस बुडवली.

खरं असं, की मी अपघात विभागात नर्स आहे. वडिलांना आधी का घेत नाही म्हणून एका पेशंटच्या मुलाने सलाइनचा स्टँड उचलून माझ्या तोंडावर हाणला. स्टँड केवढा होता ते विचारू नका, दर वेळी सांगताना तो हातभर वाढतो. दात दोनच.

डॉक्टर-नर्सला मारलं तर शिक्षा, असा बोर्ड आमच्या दाराशी आहे. इतका मोठा, की त्याच्या सावलीत चार रिक्षा उभ्या राहतात. तक्रार द्यायला मी तयारच होते. अडचण घरची. माझी आई अर्धांगाने अंथरुणावर आहे. मी ड्यूटीवर गेले की दार नुसतं ओढून घेतलेलं असतं, शेजारीण अधूनमधून येऊन पाणी पाजते. म्हणून हवालदारांना म्हटलं, पत्ता हॉस्पिटलचा लिहा. राहता पत्ता लागतो, म्हणाले. हा कागद त्या माणसाच्या हातात जाणार का, विचारलं. जाणारच, आरोपीला प्रत द्यावी लागते. मग माझा पत्ता झाकता येईल का?

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "नाव-पत्ता झाकायचे गुन्हे वेगळे असतात, सिस्टर. हे नुसतं मारणं आहे."

शेवटी मी कर्वेनगरचा पत्ता दिला. पुढच्याच आठवड्यात मी घरी आले तर एक अनोळखी बाई आईच्या उशाशी बसून तिला मोसंबीचा रस पाजत होती. अगदी मायेने, चमच्याचमच्याने. मला बघून पदर सावरून उठली.

"मी त्याची आई, ताई. पोराचं लग्न ठरलंय. तुम्ही दिवसभर नसता ना घरी? येत जाईन मी."

तिने धमकी दिली नाही, आवाज चढवला नाही. खाली गेटपाशी तिचा मुलगा मोटरसायकलवर बसून शेंगा खात होता. हे सगळं हवालदारांना सांगितलं, तर म्हणाले, रस पाजणं कोणत्या कलमात घालू? सोसायटीच्या सेक्रेटरींनीही ऐकवलं, "आपली कोर्टकचेरी आपण जिन्यात आणू नये."

म्हणून आईला उचलून खडकीला मावसबहिणीकडे राहायला गेले. तिथल्या शेजाऱ्यांना सांगितलं, कर्वेनगरात भूत निघालं. त्यांना पटलं. पण समन्स यायचं तर नवा पत्ता कोर्टाला कळवायला हवा, आणि त्या अर्जाची प्रत समोरच्या वकिलाला. मोसंबी महिन्याच्या आत खडकीला पोचली.

"इथे हवा बरी आहे हो," ती आईचं तोंड पुसत म्हणाली. "आजींना मानवेल." आईला बोलता येत नाही. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली.

तारखेला मी साक्षीला उभी राहिले. दात अजून बसवले नव्हते. सरकारी वकिलांनी विचारलं, दात कसे पडले?

"गाडी खड्ड्यात गेली."

त्यांनी माझीच तक्रार मला वाचून दाखवली, सलाइनच्या स्टँडसकट. मग हे काय आहे, म्हणाले.

"मला थापा मारायची सवय आहे, साहेब. कुणालाही विचारा."

कोर्टात हशा पिकला. मीही हसले, आणि दात नव्हते तिथून गार हवा आत गेली.