मुंबईची लाईन

अंबाजोगाईत माझं एसटीडीचं दुकान होतं. कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या एक बाई तिथून रोज मुंबईला त्यांच्या सरांशी भांडायच्या आणि मागच्या रांगेची बोलणी मला खावी लागायची. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

त्या दिवशी लाईट जाऊन त्यांच्या फ्रीजमधले रक्ताचे नमुने खराब झाले होते. चष्मा पदराला खसाखसा पुसत त्या फोनवर ओरडल्या, "सर, नमुने मी पुन्हा गोळा करते, पण काम थांबवू नका! या आरएनए रेणूपासून प्रथिन बनत नाही, म्हणून तो कचरा कसा? तो रक्तात वाढलेला दिसला, तर कॅन्सर आधीच कळेल!"

"आटपा की बाई," रांगेतली म्हातारी करवादली.

"आजार लवकर कळावा म्हणूनच भांडतेय!"

म्हातारीने हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "आमच्या मालकाचा लई उशिरा कळला. बोला तुमी."

बाईंनी फोन पुन्हा कानाला लावला. सरांनी तो केव्हाच ठेवला होता.

मी न विचारता परत नंबर फिरवला.