सत्यशीलाचा लकवा

शिरूर अनंतपाळच्या त्या गल्लीत सत्यशीलाचं नाव निघालं की माणसं आधी तिच्या लकव्याची गोष्ट सांगायची. काही वर्षांमागं कपडे वाळत घालता घालता बाईचा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना. भावकीनं तिला जीपमध्ये घालून कर्नाटकाच्या हद्दीतल्या लकव्याच्या वैद्याकडं नेलं. त्यानं तेल चोळलं, भाकरीतून कसलासा पाला चारला. जाताना दोघांनी धरून उतरवलेली बाई येताना आपल्या पायांनी जीपमध्ये चढली. मग काय विचारता! गल्लीत नारळ फुटले. तेव्हापासून कुणाच्याही अंगावरून वारं गेलं की जीप त्याच वैद्याच्या दारात, आणि दाखला द्यायला सत्यशीला.

दाखला खोटा होता. लकवा पुन्हा आला होता, पुन्हा पुन्हा येत होता. नवरा किशन तिला गुपचूप लातूरला मेंदूच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. एमआरआयमध्ये काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, हा लकवा नाही, अर्धशिशीचा एक प्रकार आहे. अंग लुळं पडतं आणि काही तासांत आपोआप सुटतं. गोळ्या दिल्या, जेवण-झोप सांभाळायला सांगितलं, आणि हे दुखणं घराण्यात उतरू शकतं असंही म्हणाले. सासू सरजाबाईनं या सगळ्यातून तेवढंच शेवटचं उचललं. नात शिवांगी लग्नाला आलेली. आईचं दुखणं लेकीत उतरतं म्हटल्यावर सोयरीक कोण करणार? त्या दिवसापासून सुनेचं डोकं उठलं की दाराला आतून कडी, आणि विचारेल त्याला एकच उत्तर, माहेरी जळकोटला गेलीय. बायका म्हणायच्या, काय नशीब काढलंय, घडोघडी माहेर!

सत्यशीलानं हे मुकाट्यानं सोसलं असं समजू नका. आपल्या खोट्यापायी एक दिवस कुणाचा तरी जीव जाईल, असं ती सासूला तोंडावर सांगायची. सरजाबाई म्हणायची, पोरीचं लगीन होऊ दे, मग गल्लीभर दवंडी पिट.

यंदा शिवांगीला स्थळ आलं. मुलाकडचे रविवारी येणार होते, आणि आदल्या सकाळीच सत्यशीलाच्या डोळ्यांपुढं चमचमती नागमोडी रेघ नाचायला लागली. पुढचं तिला पाठ होतं. आधी डोळा, मग बोटांना मुंग्या, मग हात, शेवटी जीभ. अंधार करून ती आतल्या खोलीत पडली. तेवढ्यात बाहेर रडारड उठली. शेजारचे वीरण्णा पायरीवर कोसळले होते, त्यांची एक बाजू गेली होती, आणि त्यांची बायको रत्नम्मा जीपवाल्याला हाका मारत होती. जीप कुठं निघाली होती हे काय वेगळं सांगायला हवं?

खऱ्या लकव्यात सुरुवातीचे थोडेच तास हाती असतात, हे डॉक्टरांनी सत्यशीलाला बजावलेलं होतं. ती भिंत धरून उठली. मुंग्या कोपरापर्यंत चढल्या होत्या. सरजाबाई दारात आडवी आली, उद्या पाहुणे येणार म्हणाली. सत्यशीलानं तिला धड हातानं बाजूला सारलं आणि उन्हात गेली. डोक्यात घण पडत होते. वीरण्णांना मागच्या सीटवर निजवलं होतं. तिनं जीपचं दार धरलं.

"काकू, तिकडं नेऊ नका. लातूरला न्या."

"अगं, तूच त तिथं बरी झालीस," रत्नम्मा म्हणाली.

"मी बरी झालेच न्हाई, काकू. आजबी..."

पुढचा शब्द आला नाही. तोंड एका अंगाला ओढलं गेलं, पाय गेला आणि ती मातीत बसली. गल्ली घाबरली. कुणीतरी म्हणालं, हिलाबी जीपमध्ये घाला, वैद्य दोघांनाबी बघंल. सत्यशीला मान हलवत राहिली, घशातून नुसता घोगरा आवाज काढत राहिली. पण जिला बोलता येत नाही तिचं कोण ऐकतं? तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

सरजाबाई उंबऱ्यात उभी होती. म्हातारी तोंडानं कडू, पण सुनेचे हाल तिनं इतकी वर्षं जवळून पाहिले होते. ती खाली उतरली, मातीत बसली, सुनेचं डोकं मांडीवर घेतलं.

"हिला कुठं न्यायचं न्हाई. हिचं सांजेपर्यंत आपोआप उतरतं. दर बारीला उतरतं. त्या वैद्यानं हिला बरं केलं न्हाई, मीच गावापासून लपिवलं. वीरण्णाचं तसं उतरायचं न्हाई. लातूर गाठा."

जीप वळली.

दिवेलागणीला सत्यशीलाची जीभ सैल झाली. तिनं आधी वीरण्णांचं विचारलं. किशननं सांगितलं, वेळेत पोचले, इंजेक्शन मिळालं, बोटं हलवायला लागलेत. ते ऐकून ती परत रडली.

गल्लीतली बातमी पाहुण्यांच्या गावी पोचायला कितीसा वेळ लागतो? मुलाच्या चुलत्याचा फोन आला. ऐकतोय ते खरं का, म्हणून आडून आडून विचारू लागला. सरजाबाईनं सुनेच्या कपाळावरची ओली पट्टी एका हातानं बदलली आणि दुसऱ्या हातानं फोन कानाला धरला.

"हाव, खरं हाय. माझ्या सुनेला लई वंगाळ दुखणं हाय. आन् सून माझी लाखात एक हाय. दोन्ही कबूल असंल त उद्या या."