काकांची शुक्रवारची दुपार

लग्न होऊन मी धारहून देवासला आले, तेव्हा सगळ्यांत आधी मला कुतूहल वाटलं ते सासरच्या घरातल्या कशाचं नव्हे, शेजारच्या अंगणाचं. आमच्या परसातल्या विहिरीवर पाणी शेंदायला उभं राहिलं, की मधल्या बुटक्या भिंतीवरून ते अंगण दिसे. तिथं सकाळच्या उन्हात एक बाई पाटावर बसलेली असे आणि तिच्यामागं बसून तिचा नवरा तिची वेणी घालत असे.

मी दोर हातात धरून बघतच राहिले. पुरुषानं बायकोचे केस विंचरलेले मी जन्मात पाहिले नव्हते. आणि हे गृहस्थ चांगले विंचरत होते. गुंता लागला की वरून ओढत नसत, टोकाकडून सोडवत सोडवत वर येत. वेणी घालून झाली की दोन्ही हातांनी बायकोला उचलून ओसरीवर नेत.

घरात येऊन मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "संधिवातानं तिचे हातपाय आखडलेत. उभंही राहता येत नाही. मूलबाळ नाही, सासू-सासरे गेले. मग तोच करतो सगळं."

"आणि कचेरी?"

"सोडली. धाकट्या पातीच्या महाराजांच्या दफ्तरात कारकून होता. आता बागलीहून भाऊ धान्य पाठवतो, त्यावर चालतं."

मी त्यांना काका-काकू म्हणू लागले. पण काकांशी बोलायची सोय नव्हती. मी नवी सून, आणि ते भिंतीपलीकडे सतत कामात. त्यामुळे मी नुसतं बघे आणि माझ्या मनात प्रश्न उठत. स्वयंपाक करताना काकूंनी हाक मारली तर ते हातातलं पीठ धुऊन जातात की तसेच? लुगडं कसं नेसवतात? हे त्यांना शिकवलं कुणी?

गल्लीतल्या बायकांनाही प्रश्न पडत, पण वेगळे. काकू बाहेरच्या असतात त्या दिवसांत त्यांचं कोण करतं, हा त्यांचा आवडता विषय. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. काकाच करत, मग आंघोळ करून पूजेला बसत. यावर कुणी नाक मुरडी, कुणी म्हणे, "देवमाणूस आहे हो." नाक मुरडणारी आणि देवमाणूस म्हणणारी, दोघीही त्यांच्या दारात मात्र कधी गेल्या नव्हत्या. मीही नव्हते गेले.

पहिल्या बाळंतपणाला मी धारला माहेरी गेले. एका दुपारी आईला काकांची हकिकत सांगत होते. आई तांदूळ निवडत ऐकत होती. सांगता सांगता मला एकदम आठवलं, की आमची आजी अंथरुणाला खिळली होती तेव्हा आईनं तिचं असंच सगळं केलं होतं. कितीतरी वर्षं. मी तेव्हा घरातच होते, रोज पाहत होते. पण त्यात काही बघण्यासारखं आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं.

"आई, तेव्हा तुला काय हवं असायचं गं?" मी विचारलं.

आईचा हात सुपात थांबला. "मला?" ती हसली. "काय हवं असणार?"

"सांग ना."

तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "गरम जेवायचं होतं. पान वाढून घेतलं, की हटकून हाक यायची. परत येईपर्यंत सगळं गार. एकदा तुझ्या आत्यानं आजीजवळ बसून मला म्हटलं, जा, जेवून ये निवांत. मी स्वयंपाकघरात गेले आणि जेवायचं सोडून रडत बसले." ती पुन्हा सूप घेऊन निवडायला लागली. "पण तू विचारलंस बाई. बरं वाटलं."

देवासला परतले तेव्हा कडेवर माझी लेक होती. मी सासूबाईंना आईचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं आणि म्हटलं, "काकांना असं कुणी विचारलं असेल का?"

सासूबाई फार बोलणाऱ्या नव्हत्या. त्यांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "चल."

काका चुलीपुढे भाकऱ्या थापत होते. आम्हाला दारात पाहून गडबडून उठले. काकू आत बाजेवर होत्या. सासूबाई उंबऱ्याजवळच बसल्या आणि सरळ म्हणाल्या, "भाऊ, तुम्हाला काय लागतं ते विचारायला आले. इतकी वर्षं यायला हवं होतं, आले नाही."

"काही नको, वहिनी. सगळं आहे."

"भाजी-आमटी मीही पाठवीन. ते नाही विचारत. तुम्ही घराबाहेर शेवटचे कधी गेलात?"

"बाजारात जातो की."

"धावत जाता नि धावत येता, ते दिसतं मला. नुसते कधी गेलात?"

भाकरीच्या कडेला धूर यायला लागला, तरी काकांचं लक्ष नव्हतं. मग म्हणाले, "हिला सोडून कुठं जाऊ? हिचं कुणाला समजायचं नाही."

तेवढ्यात आतून आवाज आला. काकूंचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला. खणखणीत होता.

"मला तोंड आहे ना? मी सांगेन की! वहिनी, न्या हो यांना कुठंतरी. सारखे समोर असतात."

काकांचा चेहरा उतरला. मला वाटलं, झालं, आता हे रागावणार. पण सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "शुक्रवार देवीचा वार. दर शुक्रवारी जेवणं झाली की देवीच्या टेकडीवर जा. आम्ही दोघी इथं बसतो. दिवे लागायच्या आत या."

पहिल्या शुक्रवारी काका निघेचनात. पाण्याचा तांब्या कुठं, उशी कशी सरकवायची, पाय दुखले तर तेल कोणतं, सगळं सांगून झालं तरी पायात जोडे घालून ओसरीवर उभे. दुधाची चरवी घेऊन आलेली गवळण हे बघत होती. तीही टेकली आणि आपल्या माळवीत म्हणाली, "तम जाव भाई, हूँ याँ बैठी हूँ." तेव्हा कुठं ते गेले. आणि लगेच परत आले. देवीपर्यंत पोचलेसुद्धा नसतील.

पुढच्या शुक्रवारी जरा उशिरा आले. त्याच्या पुढच्या वेळी आणखी उशिरा.

आम्हीही शिकत होतो. काकूंना उचलताना मी काखेत हात घातला, तर त्या कळवळल्या. "अगं, मला आधी विचार," म्हणाल्या, "कुठं दुखतं ते मी सांगते." मग विचारून करायची सवय लागली. माझी लेक त्यांच्या बाजेवर बसे आणि त्यांची वाकडी बोटं धरून खेळे. तिचा हात हलका होता, त्यांना दुखत नसे.

मला वाटलं होतं, काका गेल्यावर काकूंचा जीव टांगणीला लागेल. उलट झालं. काका वळणाआड गेले, की त्या लोणच्याची फोड मागत, गल्लीतल्या सगळ्या भानगडी विचारत आणि नवऱ्याविषयी तक्रारी करत. आमटीत मीठ कमी घालतात, लुगड्याचा काठ उलटा नेसवतात, कुठं दुखतंय का म्हणून सारखं विचारतात. बोलता बोलता एकदा त्या रडायला लागल्या. मी घाबरले.

"घाबरू नकोस," त्या म्हणाल्या. "त्यांच्यासमोर रडता येत नाही गं मला. ते इतकं करतात, नि मी रडले तर त्यांना वाटेल, काही चुकलं. आठवड्यातून एकदा तरी मला रडू दे."

तेव्हा मला समजलं, की ती सुटी एकट्या काकांची नव्हती.

काका टेकडीवर करतात काय, हे मात्र मला समजत नव्हतं. काकूंनाही नव्हतं. "विचारलं तर म्हणतात, दर्शन घेतलं. दर्शनाला एवढा वेळ?" आम्ही दोघींनी तर्क केले. मला वाटे, झाडाखाली झोपत असतील. काकूंना वाटे, कुणा साधूच्या नादी लागलेत.

एका शुक्रवारी गवळणीला काकूंजवळ बसवून सासूबाई मला देवीच्या दर्शनाला घेऊन गेल्या. चढताना वाटेतल्या एका कातळावर मला काका दिसले. दगडावर घरं कोरलेली होती, त्यात खडे मांडलेले, आणि काका एका म्हाताऱ्या गुराख्याशी वाघबकरी खेळत होते. खेळत कसले, भांडत होते. गुराखी तावातावानं काही सांगत होता आणि काका मान मागं टाकून मोठमोठ्यानं हसत होते. त्यांचं हसणं मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. सासूबाईंनी माझा हात धरला आणि आम्ही खालच्या पायवाटेनं वळलो, त्यांना दिसू नये म्हणून.

परतल्यावर मी काकूंना सगळं सांगितलं. त्यांचे डोळे मोठे झाले.

"लबाडी करत होते का?"

"गुराखी तसंच म्हणत होता. खडा सरकवला म्हणे."

काकू समाधानानं उशीला टेकल्या. "मग बरे आहेत," म्हणाल्या. "लग्नानंतर माझ्याशी सारीपाट खेळायचे, तेव्हाही तेच करायचे."

यानंतर काकू बरीच वर्षं जगल्या. दुखणं वाढतच गेलं, ते काही कुणाच्या हातात नव्हतं. पण शुक्रवार मोडला नाही. आम्हाला जमलं नाही तर गल्लीतली दुसरी कुणी जाई. नाक मुरडणारीही जाऊ लागली आणि आली की काकूंचे विनोद सांगत बसे. एका हिवाळ्यात काकू गेल्या. शेवटपर्यंत वेणी काकांनीच घातली.

तेरावं झाल्यावर काकांचा भाऊ त्यांना बागलीला न्यायला आला होता, पण काका गेले नाहीत. काही दिवस ओसरीवर नुसते बसून असत. मग एका दुपारी आमच्या दारात आले. हात कुठं ठेवावेत ते त्यांना समजत नव्हतं.

"वहिनी," ते सासूबाईंना म्हणाले, "मला आता काम नाही. कुणाकडे बसायला जाऊ?"

सासूबाईंनी त्यांना रस्त्यापलीकडचं, म्हणजे थोरल्या पातीच्या महाराजांच्या हद्दीतलं, एक घर सांगितलं. तिथं एक विधवा बाई आपल्या आंधळ्या दिराचं करत होती. मीही तिला फारसं बाहेर पाहिलं नव्हतं. काकांनी कोटाची बटणं लावली आणि रस्ता ओलांडून गेले. दाराशी बराच वेळ बोलणं चाललं होतं. काय ते मला माडीच्या खिडकीतून ऐकू आलं नाही. शेवटी काका आत गेले आणि ती बाई बाहेर आली.

रस्त्यावर येऊन ती थबकली. कुठल्या बाजूला जावं ते तिचं ठरत नव्हतं. तिनं एकदा मागं वळून दाराकडे पाहिलं. मग पदर सारखा केला आणि सावकाश चालत तळ्याकडे फिरायला निघाली.