आबांच्या नावाचे मैल

मी एका बियाण्यांच्या कंपनीत नोकरी करतो. नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला आमचं ऑफिस आहे. कापसाचं बी विकण्यासाठी साहेब लोकांना वर्षातून किती वेळा आकाशात जावं लागतं हे शेतकऱ्याला कळलं, तर तो बी घ्यायचं सोडून देईल. या येण्याजाण्याबद्दल एका विमान कंपनीने मला सोनेरी कार्ड दिलं होतं. ते दाखवलं की विमानतळावरच्या एका गार खोलीत बसू देत. तिथे सगळे एकमेकांकडे पाहायचं टाळत उपमा खात. बदनापूरच्या स्टँडवर याहून बरा उपमा मिळतो, पण तो खाऊन कोणी मोठा माणूस होत नाही.

कार्डावर मैल साठत. पुरेसे साठले की एक तिकीट फुकट. माझे बरेच साठले होते आणि ते मी वहिनींसाठी राखून ठेवले होते. केदारखेड्याला माझा थोरला भाऊ शेती करतो. त्याची मुलगी आसामात, जावई सैन्यात. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी पुतणीला प्रवासच बंद केला. तेव्हा माहेरानेच तिच्याकडे जायचं ठरलं, आणि माहेर म्हणजे वहिनी. त्यांचे गुडघे गेलेले. इतक्या लांब रेल्वेत बसून जायचं म्हणजे पायांचे हाल. मी तोऱ्यात म्हणालो, "वहिनी, विमानाने जायचं. माझे मैल पडून आहेत."

तेवढ्यात ती विमान कंपनी दुसऱ्या, मोठ्या कंपनीत विलीन झाली. 'आनंदवार्ता' अशा मथळ्याची मेल आली. आपण आता एका विशाल परिवाराचे सदस्य आहात, तुमच्यासाठी काहीच बदलणार नाही, असं तिच्यात होतं. तिच्याच तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत, काय काय बदलणार ते होतं. सोनेरी कार्ड आता चंदेरी होणार होतं. मैल नव्या कंपनीत जातील, पण दोन्हीकडची खाती जोडून घ्यावी लागतील.

मी गावी गेलो तेव्हा दादाला सांगितलं, "दादा, ती कंपनी विलीन झाली."

दादाने टोपी काढून मांडीवर ठेवली. "आरं आरं. कधी?"

"मागच्या महिन्यात."

"आजारी होती का?"

आमच्या गावात 'विलीन' हा शब्द एकाच जागी वाचायला मिळतो. स्टँडवरच्या फ्लेक्सवर, फोटोखाली: अनंतात विलीन. मी हसत हसत खुलासा केला. दादा हसला नाही. म्हणाला, "म्हंजी गेलीच की. मंग गेलेल्याकडून तिकीट कसं काढून राह्यला तू?"

खाती जोडली जाईनात. कारण आमच्या शाळेने शिकवलेली नाव लिहायची पद्धत. आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, शेवटी वडिलांचं. जुन्या कंपनीचा फॉर्म मी तसाच भरला होता. तिने शेवटचा शब्द आडनाव धरला. इतकी वर्षं विमानाच्या दारात उभी असलेली मुलगी माझं स्वागत आबांच्या नावाने करी. मला ते आवडायचं. आबांनी हयातभर मेंढरं राखली. विमान वरून गेलं की मेंढरं बुजतात म्हणून ते त्याला शिव्या घालत. त्या माणसाचं नाव घेऊन कोणी वाकत असेल तर वाकू दे, असं वाटे. नव्या कंपनीत मात्र माझं खातं बरोबर आडनावाने होतं. त्यामुळे कागदावर माणसं दोन झाली.

मी फोन लावला. वहिनी शेजारीच बसल्या होत्या. बराच वेळ सनई ऐकवून झाल्यावर एक बाई आली.

"सर, दूसरा अकाउंट किसका है?"

"मेरा ही है. पर आडनाव की जगह पिताजी का नाम लगा है."

"तो पिताजी से बात करवा दीजिए, सर."

वहिनींनी तोंडाला पदर लावला. मी पुन्हा सगळं सांगितलं, आमची शाळा, आमची पद्धत. बाईंनी ऐकून घेतलं आणि त्या म्हणाल्या, "समझ गई, सर. पिताजी को फोन दीजिए."

"पिताजी नहीं रहे!" मी ओरडलो.

पलीकडे टाइप करण्याचा आवाज आला. "बहुत अफसोस हुआ, सर. हम नोट कर लेते हैं."

आणि तेवढी एक गोष्ट त्यांनी चोख केली. दुसऱ्याच दिवशी मेल आली. आमच्या परिवाराचे सन्माननीय सदस्य, पुढे माझं पूर्ण नाव, यांच्या निधनाबद्दल आम्हाला तीव्र दुःख आहे. नियमानुसार मृत सदस्याचे मैल रद्द होतात. खाते बंद करण्यात आले आहे.

मी जिवंत आहे असं कळवलं. त्यांनी पुरावा मागितला. तोही धाडला. विलीनीकरणामुळे उत्तराला विलंब होत आहे, असं उत्तर मात्र विनाविलंब आलं.

"वहिनी, मी पैसे देऊन तिकीट काढतो," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या भाऊजी. तुमचं इमान येईस्तोवर लेकरू शाळंत जाईन." त्यांनी मला न सांगताच रेल्वेचं तिकीट काढलं होतं.

त्यांना बसवून द्यायला आम्ही दोघे जालना स्टेशनवर गेलो. गाडी सुटल्यावर दादा बाकावर बसला आणि म्हणाला, "ती चिठ्ठी वाच बरं." मी मोबाइलवरून मराठी करत वाचली. त्याने शेवटपर्यंत ऐकलं.

"आबा गेल्ते तवा सोसायटीवाल्यानं साधं विचारलं न्हाई. ह्यांनी दुखवटा धाडला." मग उठत म्हणाला, "लिही त्यास्नी, दहावा कवाच झाला. जेवायला बोलावलं न्हाई म्हून राग धरू नका म्हनाव. साहेब, चला आता, तुमच्या गार खोलीत चहा पाजा." आम्ही स्टेशनबाहेरच्या टपरीवर चहा घेतला. पैसे त्याने मला देऊ दिले नाहीत.

वहिनी वेळेत पोहोचल्या. नात झाली. पुतणीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. "काका, आईचे पाय असे सुजलेत की चप्पल जाईना. माझ्यासाठी आली, न् मीच तिचे पाय चेपून राह्यले." ती हसली नाही. विमानाचं काय झालं हेही तिने विचारलं नाही, आणि तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

फोन ठेवला तर समोर मेल उघडी होती. विमान कंपनीची. आमच्या प्रतिनिधीशी झालेल्या संभाषणाला पाचपैकी किती तारे द्याल? वर नाव होतं, त्यांच्या हिशेबाने मयत झालेल्या इसमाचं.