वहीत न लिहिलेली पायरी

मी कॉलेजात नेमकं काय करते, हे आईला सांगायचं मी बरेच दिवस टाळत होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. सांगायला गेले तर शहाणपणा मिरवतेय असं वाटेल, ही एक भीती. दुसरी भीती जास्त खरी होती, की सांगता सांगता आपल्यालाच नीट कळलेलं नाही हे उघडं पडेल.

शेवटी लिंबांमुळे ते जमलं. आई बचत गटासाठी लोणचं घालते. घाटकोपरला डोंगराच्या उतारावर आमची एक खोली आहे, आणि लोणच्याच्या दिवसांत तिच्यात पाय ठेवायला जागा नसते. त्या रविवारी ती बरणीत फोडी दडपून भरत होती, मी शेजारी बसून झाकणं पुसत होते. मी म्हटलं, एक विषाणू अगदी असंच करतो. माणसाला त्याचा त्रास नाही, तो जिवाणूंवर जगतो. आधी तो एक रिकामी बरणी तयार करतो आणि मग तिच्यात आपला लांबलचक डीएनए दडपून भरतो. बरणीच्या तोंडाशी भरण्याचं यंत्र असतं आणि त्या यंत्रात आरएनएच्या छोट्या तुकड्यांचं एक कडं असतं. कडं नसेल तर डीएनए आत जातच नाही.

आईनं हात न थांबवता विचारलं, "मग ते कडं कोण बांधतं?"

माझा प्रकल्प हाच होता. कडं बांधायला बाहेरून कुणी येत नाही, तुकडेच एकमेकांना धरतात. प्रत्येक तुकड्याला डावा आणि उजवा असे हुकासारखे दोन आकडे असतात. एकाचा उजवा आकडा शेजारच्याच्या डाव्या आकड्यात अडकतो, आणि त्यासाठी आकड्यातली अवघी चार अक्षरं, म्हणजे आरएनएचे घटक, जुळावी लागतात. ती अक्षरं बदलून मला दोन निराळे तुकडे बनवायचे होते आणि ते फक्त एकमेकांनाच धरतात का, हे पाहायचं होतं. हे काम जगात पूर्वी झालेलं आहे, मी काही शोध लावणार नव्हते. पण बारावीपासून मी गाइडमधली उत्तरं पाठ करत आले होते. उत्तर स्वतःच्या हातानं काढून बघायची ही पहिलीच वेळ होती, म्हणून हा विषय मला सोडायचा नव्हता.

आणि तोच हातचा जायची वेळ आली होती.

मुलुंडच्या आमच्या कॉलेजात चार आठवडे मी आरएनए बनवत होते आणि चार आठवडे तो तुटत होता. बनवलेला आरएनए जेलमधून, म्हणजे खळीसारख्या घट्ट थरातून, सोडला की अखंड असेल तर एक बारीक, रेखीव पट्टी दिसते. माझ्या जेलवर नुसता धुरकट ओघळ यायचा, म्हणजे सगळ्याचा चुरा. आरएनए फार नाजूक असतो. त्याला कापणारं एन्झाइम आपल्या बोटांवर असतं, घामात असतं, धुळीत असतं, आणि उकळूनही ते सहजासहजी मरत नाही. माझा प्रकल्प बघणाऱ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की सगळं काही स्वच्छ हवं. मी जास्तीत जास्त स्वच्छ राहायचा प्रयत्न करत होते. ओघळ आला की पुढच्या वेळी आणखी स्वच्छता करायचे. तरी पुन्हा ओघळच.

मॅडमनी माझी प्रयोगवही दोनदा वाचली. मापं बरोबर होती, क्रम बरोबर होता, हातमोजे कधी बदलले तेही लिहिलेलं होतं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या मवाळपणे म्हणाल्या की बुधवारी विषयांची यादी विभागाकडे द्यायची आहे, तोवर पट्टी आली नाही तर डीएनएवरचा एक सोपा विषय घे, त्यात कमीपणा काही नाही. मी "हो मॅडम" म्हणाले. मला हाच विषय हवाय, हे मात्र सांगितलं नाही.

लॅबमध्ये पीएचडी करणारी एक ताई होती, बोलायला रोखठोक. शनिवारी ती म्हणाली, "आज मी नुसती बघत बसते. तू रोज करतेस तसंच कर. मी आहे म्हणून शहाणपणा नको."

मी कपाटातून बाटली काढली. आरएनएच्या कामाच्या बाटल्या वेगळ्या असतात, त्यांच्या तोंडावर चांदीचा कागद लावलेला असतो. कागद काढला, बेसिनपाशी गेले आणि नळ सोडला.

"थांब. काय करतेयस?"

"विसळून घेते."

"कशाला?"

"असंच. वापरायच्या आधी."

ताई स्टुलावर बसली आणि कपाळाला हात लावला. "अगं बाई, आम्ही बाटली चार तास भट्टीत भाजतो, कागद लावून झाकून ठेवतो, आणि तू तिला नळाखाली अंघोळ घालतेस? रोज?"

रोज. गेल्या आठवड्यात तर तीन-तीनदा.

आमच्या घरी पाण्याचा ग्लाससुद्धा कुणी तसाच भरत नाही. मांडणीवरून काढायचा, घोटभर पाणी घालून गोल फिरवायचा, मोरीत टाकायचं आणि मग भरायचा. खोलीत दिवसभर वाटेवरची धूळ येते, झुरळंही आहेत, त्यामुळे काल घासून पालथं घातलेलं भांडं आजही विसळावंच लागतं. पाहुण्याला न विसळलेल्या ग्लासातून पाणी दिलं तर आई त्याच्यासमोर काही बोलत नाही, नंतर बोलते. ही गोष्ट मी वहीत लिहिली नव्हती, कारण ती प्रयोगातली पायरी आहे असं मला वाटलंच नव्हतं. आत येताना चप्पल काढली, हे कुणी वहीत लिहितं का? मॅडमना चूक सापडणार तरी कुठून.

ताई हसत होती, पण वाईट हसू नव्हतं. तिनं भाजलेली दुसरी बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, नळाच्या पाण्यातही ते एन्झाइम असतं, ही जशी आहे तशी वापर.

संध्याकाळी घरी मी ती हकिगत हसत हसत सांगितली. खरं तर थोडं रडू येत होतं. वाटलं होतं, आई माझी बाजू घेईल, विसळलं तर काय बिघडलं म्हणेल. ती खिडकीतल्या बरण्या आत घेत होती. दिवसभर उन्हात ठेवून त्या कोरड्या ठणठणीत झाल्या होत्या.

"लोणच्याची बरणी विसळतेस का कधी?" तिनं विचारलं.

"नाही."

"का?"

"लोणचं नासतं."

"मग एवढं शिकून तेवढं कळलं नाही तुला?" असं म्हणत तिनं एक बरणी माझ्या हातात दिली आणि बोटं आत घालू नको म्हणून बजावलं.

दोन्ही नियम आमच्याच घरातले होते. बाटली बघून मला ग्लास आठवला होता, बरणी आठवायला हवी होती.

सोमवारी मी न विसळलेल्या बाटलीत द्रावण बनवलं आणि ते वापरून नवा आरएनए तयार केला. बाटली कपाटातून टेबलावर आणताना हात दोनदा नळाकडे वळला, हे इथे कबूल करते. मंगळवारी दुपारी जेल दिव्यावर ठेवलं. दोन रकाने, दोन पट्ट्या. बारीक, रेखीव. ताईनं माझ्या पाठीत धपका घातला आणि म्हणाली, "झकास. जा, मॅडमना दाखव."

मॅडमनी जेलचा फोटो पाहिला आणि यादीत माझ्या नावापुढे तोच विषय लिहिला. मग वही मागितली. मला वाटलं, सही करतील. पण त्यांनी मागची पानं उघडून माझ्यापुढे सरकवली. "जे केलंस ते लिही. खोडायचं काही नाही, फक्त राहिलेलं लिही."

त्यांच्यासमोर बसून मी चारही आठवड्यांच्या पानांवर समासात एकच ओळ लिहिली: बाटली नळाच्या पाण्यानं विसळली. चौथ्या वेळी लिहिताना मला हसू आलं, आणि मॅडमनाही आलं. त्या हसताहेत हे बघून मी पहिल्यांदाच न विचारता बोलले. म्हटलं, मॅडम, मला हाच विषय हवा होता. त्या म्हणाल्या, "मग आधी बोलायचं ना."

पुढे दोन्ही तुकडे एकत्र करून थोडं मॅग्नेशियम घातलं तेव्हा त्यांनी एकमेकांना धरलं. जेलवर जोडी जड म्हणून जरा वरच अडकून राहिली, एकेकटे तुकडे खाली उतरले. त्याचा फोटो मी मोबाइलमध्ये ठेवलाय. आईला दाखवला तेव्हा तिनं लांब धरून पाहिला आणि म्हणाली, "धरलंय की चांगलं."

कपाटाच्या दारावर आता माझ्या अक्षरात एक कागद चिकटवलेला आहे: या बाटल्या विसळू नयेत. यंदा आलेल्या एका मुलीनं मला हळूच विचारलं, हे कशाला लिहिलंय, कुणी विसळतं का? मी म्हटलं, हो, विसळतात. आणि तिला शेजारी बसवून आणखी काय काय ती वहीत न लिहिता करते, ते विचारत बसले.