मायक्रोवेव्हची खंडेनवमी

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी तो चहाचा कप खाली ठेवा. सांडला तर पुन्हा गरम करायला मला उठावं लागेल, आणि आमच्या घरात मला काही गरम करायचं असलं तर आता रीतसर परवानगी काढावी लागते. मला! सव्वीस वर्षं फौजेत लंगर सांभाळलेल्या हवालदाराला!

लंगर म्हणजे जवानांचं स्वयंपाकघर. बर्फात भट्टी पेटवलीय मी, वाळवंटात दीडदोनशे माणसांच्या रोट्या भाजल्यात. असा माणूस पेन्शनीत आष्ट्याला येऊन एका डब्यापुढं हरला. डबा तरी केवढा? आमच्या टीव्हीपेक्षा लहान!

त्याचं झालं असं. गणपती झाले आणि आमच्या मंडळींच्या, म्हणजे शालनच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन झकास झालं. दवाखान्यात नर्सच्या धाकानं ती वॉकर धरून चाललीसुद्धा. पण घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी तिचा तोल गेला. पडली नाही, मी धरलं. पण तिनं जो धसका घेतला! त्यानंतर बाथरूमला जायचं तरी सगळा भार माझ्या खांद्यावर. वॉकर पुढं केला की त्याच्याकडं बघायची आणि म्हणायची, "उद्या बगू."

असे किती 'उद्या' गेले. व्यायाम घ्यायला मॅडम यायच्या, त्याही दटावून दमल्या. एकदा मला अंगणात बोलावून म्हणाल्या, "काका, आता एकट्या चालल्या नाहीत तर गुडघा आखडेल. मग फार अवघड जाईल."

मी तिकडं सीमेवर आणि इकडं ह्या बाईनं सासू-सासरे, दोन पोरं आणि उसाचं रान एकटीनं सांभाळलं. रानाला पाणी पाजायला पहाटे चिखलातून गेलेले पाय ते. त्या पायांचं आपल्यावर केवढं ऋण आहे, हे मला ते थांबल्यावर कळलं.

सून पल्लवी विश्रामबागला कॉलेजात शिकवते. गुणी पोरगी. माझी धावपळ बघून तिनं मायक्रोवेव्ह आणून दिला आणि ओट्याशी उभं करून मला नियम सांगितले.

"आबा, धातूचं भांडं आत ठेवायचं नाही. रिकामा चालवायचा नाही. मागची जाळी झाकायची नाही. आणि पुसायच्या आधी प्लग काढायचा."

"पोरी, मी भट्ट्या चालवल्यात गं!"

"म्हणूनच सांगतेय, आबा!"

मी नियम मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवले. पुस्तिका शालनच्या उशाशी दिली, पडल्या पडल्या तेवढाच विरंगुळा. आणि मग मी त्या यंत्राची जी निगा राखायला लागलो, काय विचारता! रोज प्लग काढायचा, ओल्या फडक्यानं आतून पुसायचं, कोरडं करायचं. रविवारी काचेच्या वाटीत लिंबू-पाणी घालून दोन मिनिटं वाफ. रायफलची एवढी निगा राखली असती तर सुभेदार झालो असतो!

"आवं, पुसून पुसून पातळ हुईल त्यो!" शालन पलंगावरून ओरडायची.

आणि आली खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी कोयता, खुरपं, ट्रॅक्टर, पाण्याची मोटर, ज्याच्यावर घर चालतं त्या प्रत्येक हत्याराला हळदी-कुंकू लागतं. मी दरवर्षी लंगरातली माझी जुनी पळी आणि सुरी पुजतो. यंदा म्हटलं, ज्यानं माझ्या बायकोला वेळेवर गरम घास दिला, तो कसा वगळायचा?

प्लग काढला. दाराला हळदी-कुंकवाची बोटं लावली. वर झेंडूचा हार सोडला. पलंगावरून शालनचा आवाज आला, "आवं, जाळी झाकली न्हाई न्हवं? पुस्तकात लिवलंय!"

हार सरळ काढून पुढं ठेवला. नियम म्हणजे नियम!

आता आत बघतो तर काय, साक्षात गाभारा. मधोमध काचेची गोल ताटली. मी त्यावर शालनच्या कपाटातला कोरा हिरवा खण अंथरला, चांगला रुंद जरीचा काठ. खणावर विड्याचं पान, पानावर सुपारी. शेजारचा दादू आपट्याच्या पानांचं विचारायला आला होता, त्यानं चप्पल काढून हात जोडले.

"हवालदार, देव आत फिरतो व्हय वो?"

"आज सुट्टी हाय त्येला. आज हत्यार चालवायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी दसरा. म्हटलं, सणाची सुरुवात शालनच्या हळदीच्या दुधानं करू. पान काढलं, सुपारी काढली. खण मात्र राहू दिला. एक तर देवाचं आसन, लगेच कसं ओढायचं? आणि दुसरं म्हणजे खालचं कापड असलं की भांडं सरकणार नाही, ताटलीला ओरखडा पडणार नाही. अहो, अक्कल चालवली मी!

भांडं काचेचं घेतलं. भिंतीवरची यादी पुन्हा वाचली. स्टील? नाही. पितळ? नाही. तांबं? नाही. प्लग लावला, बटण दाबलं.

आता तुम्हीच सांगा, जरीत धातू असतो हे यादीत कुठं होतं?

आधी आवाज आला, चट. मग चट-चट-चट! आत निळ्या ठिणग्या, ताटली फिरतेय तशा त्याही गोल फिरतायत, आणि बघता बघता खणाच्या काठानं पेट घेतला. माझा हात दाराकडं गेला.

"दार उघडू नगा! बटान बंद करा, बटान!" शालनचा आवाज.

मला बटण दिसेना. लंगरात जाळ दिसला की आधी बादली, हे हाडात भिनलेलं. मी भरलेली बादली उचलली.

"पानी नगं! करंट हाय त्यात! येड लागलंय व्हय तुमास्नी?"

आणि माझ्या काखेजवळून एक हात पुढं गेला, त्यानं भिंतीवरचं बटण खट्कन बंद केलं. ताटली थांबली. दार बंदच होतं, आतला जाळ धुमसत आपोआप विझला. मी हुश्श केलं.

"बरं झालं गं तू..." म्हणत वळलो आणि मग ध्यानात आलं. शालन स्वयंपाकघरात उभी होती. एका हातानं वॉकर धरून, धापा टाकत, माझ्या खांद्याशिवाय!

"शालन, अगं तू चाललीस!"

"मग काय करू? घर जळूस्तवर उद्या बगू म्हनू?"

मी रडलो. बादली हातात तशीच, आणि हवालदार रडतोय. तीही आधी रडली, मग माझा अवतार बघून हसत सुटली. नंतर मी मोजली, पलंगापासून ओट्यापर्यंत चौदा पावलं. जन्मात एवढं मोठं अंतर मी कुणाला कापताना पाहिलं नाही.

पल्लवीनं फोनवर सांगितलं की मेकॅनिकनं तपासल्याशिवाय लावायचा नाही. त्यानं आतला जळका पत्रा बदलून दिला. त्या पोरीचे, त्या पुस्तिकेचे आणि त्या बिचाऱ्या डब्याचे उपकार मी विसरणार नाही. आता शालन कंटाळा करायला लागली की मी स्वयंपाकघरातून नुसतं विचारतो, "ह्यात स्टीलची वाटी चालती का गं?" पावलं लगेच वाजतात. आधी वॉकर वाजायचा, मग काठी, आता फक्त पावलं.

परवा व्यायामाच्या मॅडम सहज भेटायला आल्या होत्या. त्यांना दुसऱ्या कुठल्या तरी पेशंटच्या घरून फोन आला, आजी काही केल्या पलंगावरून उठत नाहीत म्हणून. मॅडम माझ्याकडं बघत फोनवर अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "तुमच्या घरात स्वयंपाकातलं काहीही न कळणारा एखादा माणूस आहे का? असेल तर त्याला ओट्यापाशी उभा करा. आमच्या आष्ट्याच्या काकूंना त्यानं फार गुण आला."