चौथं प्रकरण पुन्हा लिहिलं, त्याची गोष्ट
रत्नागिरीच्या बाजारात सुक्या बोंबलांचा वास आला की मला माझं पीएच.डी.चं शेवटचं वर्ष आठवतं. सर्वांना सामावून घेणारा विकास हा माझा विषय होता आणि प्रबंध द्यायला जेमतेम आठवडा उरला होता. त्याआधी निष्कर्ष गावाला वाचून दाखवावेत म्हणून मी बुरोंडीजवळच्या एका वाडीत गेले. बांबूंवर बोंबील वाळत होते आणि सावलीत बायका कोळंबी सोलत बसल्या होत्या. मी ऐटीत वाचलं, "इथल्या बहुतेक बायका काही काम करत नाहीत." सगळ्यांचे हात थांबले. एका म्हातारीने विचारलं, "हे तुला कोणी सांगितलान गो?" मी म्हणाले, "घरातल्या कर्त्या पुरुषांनी." "ते दर्यावरनं येतात नि झोपतात. आम्ही काय करतो ते त्यांना काय ठाऊक?" अशी हसाहस झाली की कान तापले असूनही मलाही हसू आवरेना. कोळंबीची पाटी माझ्यापुढे सरकवत ती म्हणाली, "बस इथं. सोलता सोलता विचार." मी चार दिवस राहिले, बोटं सोलवटून घेतली आणि अख्खं चौथं प्रकरण नव्याने लिहिलं. मुदत टळली म्हणून माझे मार्गदर्शक आधी चिडले, पण वाचून झाल्यावर म्हणाले, "आता झाला प्रबंध." आज माझे विद्यार्थी पाहणीला निघाले की मी त्यांना एवढंच सांगते, घरातला कर्ता कोण हे जरूर विचारा, पण पहिलं उत्तर शाईने लिहू नका.